शिवण बाहेरच्या बाजूला

माझा हात लहान आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नाहीतर त्या विमानाला बोटही लावायचं नाही, असं मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं.

विमान आमच्या गॅरेजात होतं. गाडी बिचारी बाहेर उन्हात. आधी नुसत्या फासळ्या आल्या. त्या बघून सासूबाई म्हणाल्या, "हे काय, माशाचा सांगाडा आणून ठेवलास?" बिट्टी माझ्या पोटात होती तेव्हा शेपूट तयार झालं, ती रांगायला लागली तेव्हा पंख आले. एकाच घरात दोघं बरोबरीनं वाढत होती. एकीला दात आला की मी सगळ्यांना दाखवत सुटायचे. दुसऱ्याला चाकं लागली त्या दिवशी मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासली.

कारण ते पूर्ण होणार होतं. लोकांचे नवरे असली कामं अर्ध्यावर सोडतात. कुणाची होडी अंगणात कुजते, कुणाची जुनी मोटारसायकल चादरीखाली म्हातारी होते. मी मनातल्या मनात त्याच आशेवर होते. पण माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टवाला काम अर्धं सोडत नाही. सोडलं तर माणसं मधल्या मजल्यावर अडकतात.

"जन्मभर लोकांना वर पोचवलं," तो म्हणायचा, "आता एकदा मला वर जाऊ दे."

"जिभेला काही हाड?" सासूबाई आतून ओरडायच्या. त्या गॅरेजात कधी पाऊल टाकत नसत. चहासुद्धा दाराच्या उंबऱ्यावर ठेवून जायच्या.

इंजिन बसलं आणि आडोशांचं काम निघालं. या इंजिनाला थंड ठेवायला पाणी नसतं, वारा असतो. विमानाच्या नाकाला दोन भोकं असतात, त्यांतून वारा आत येतो. पण आत आला म्हणजे कामाला लागला असं नाही. इंजिनाच्या वरून सरळ पुढे जाऊन मागून निसटायला तो टपलेलाच असतो. म्हणून सिलिंडरांच्या भोवती पत्र्याच्या भिंती उभ्या करायच्या, हेच ते आडोसे. भिंतींच्या वरच्या कडेला काळी रबरी पट्टी लावायची, ती वरच्या झाकणाला घट्ट टेकायला हवी. म्हणजे वरून पळायची वाट बंद. मग वारा नाइलाजानं खाली, सिलिंडरांच्या पातळ पात्यांमधून जातो आणि जाता जाता त्यांची उष्णता घेऊन जातो.

"वारा आणि बिट्टी, दोघांची जात एक," नवऱ्यानं मला समजावलं. "फट दिसली की पसार. सगळ्या फटी बुजवल्या तरच सांगितल्या वाटेनं जाणार."

"आणि नाही गेला तर?"

"इंजिन तापेल."

"तापलं तर?"

"ताकद कमी देईल."

"आणि फार तापलं तर?"

तो पत्र्याची कड कानशीनं घासत राहिला. "तू ना, प्रत्येक गोष्टीचा तळ बघतेस."

उत्तर मला मिस्त्रींनी दिलं. ते उभं आयुष्य विमानांवर काम केलेले गृहस्थ. आता निवृत्त, पण घरी बांधलेली विमानं तेच तपासतात, त्यांनी मान हलवल्याशिवाय ती उडत नाहीत. चष्मा दोरीनं गळ्यात, खिशात कायम एक लाल फडकं. मी विचारलं तर म्हणाले, "तापायचं ते चढताना तापतं, ताई. नाक वर, इंजिन पुऱ्या जोरात, आणि वारा कमी. तिथंच बंद पडलं तर पुढे धावपट्टी संपलेली असते आणि मागे वळायला उंची नसते." बस किती वाजता सुटते ते सांगावं, अशा आवाजात बोलले आणि चहाचा घोट घेतला. बिट्टी माझ्या कडेवर होती. मी तिला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझं मन त्या दिवसापासून एकच चिंती: संपलेली धावपट्टी, आणि मागे न वळता येणं.

तर हाताचं. मागच्या सिलिंडराच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत नवऱ्याचा पंजा जाईना. बोटांची सालटी निघाली. एका दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात आला, हाताला फडकं गुंडाळलेलं, चेहरा बिट्टीसारखा. "एकच रिबिट. फक्त आतून धरायचं. तुझा हात जाईल बघ."

एक रिबिट म्हणता म्हणता मी त्यात कोपरापर्यंत गेले. मी लहान मुलांच्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते, बिट्टी झाल्यापासून अर्धा दिवस. नवरा एकदम पत्र्यावरच खुणा करून कापत होता आणि वाया गेलेले तुकडे कोपऱ्यात लपवत होता. माझ्याच्यानं बघवेना.

"आधी कागद, मग पुठ्ठा, मग कापड," मी म्हणाले. "पत्राही कापडच. फक्त ते चूक पोटात घालत नाही."

"पोटात घालणारी एकच, ती माझी आई."

"त्याही हल्ली घालत नाहीत."

बिट्टी दुपारी झोपली की मी गॅरेजात जायचे. एक कान घरात, हात इंजिनात. गंमत अशी की तिथं भीती कमी वाटायची. भांडी घासताना, बिट्टीला न्हाऊ घालताना, रस्ता ओलांडताना ती छातीवर येऊन बसायची. पण बोटांच्या पुढे पत्र्याची कड असली की गप्प राहायची. आपणच लावलेली पट्टी घट्ट बसली, की तेवढी एक फट बुजली असं वाटायचं. शहाणपणाचं नव्हतं, पण वाटायचं.

आमचा नियम होता: एकानं करायचं, दुसऱ्यानं बघायचं. स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. हा त्याच्या कामावरचा नियम, आणि कारखान्यात माझाही. मी लावलेलं तो बघायचा, त्यानं लावलेलं मी.

कोपऱ्यांपाशी पंचाईत झाली. मागची भिंत आणि बाजूची भिंत जिथं मिळतात तिथं दोन रबरी पट्ट्या एकमेकींना नीट भेटत नाहीत, मधे तिकोनी फट राहते. बगलेत कापड कमी पडलं तर आपण कळी घालतो, तशीच कळी घालायची मी ठरवलं. रबराचा तिकोनी तुकडा, एक कड रिबिटांनी पक्की, बाकीचा तुकडा नुसता फटीवर पडलेला, म्हणजे झाकण हाललं तरी तो सांभाळून घेईल. प्रत्येक कोपऱ्याला एक आणि मधल्या सांध्यांनाही.

त्या कळ्या मी बाहेरच्या बाजूनं लावल्या. विचारसुद्धा केला नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतात. आतून नितळ हवं, अंगाला काही टोचता कामा नये. ते आमच्या कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. माझ्या हातांना दुसरं काही येतच नाही.

नवऱ्यानं आतून बोट फिरवून बघितलं. "वा! लोण्यासारखं. वाऱ्याला कुठं ठेचसुद्धा लागायची नाही."

मग दिव्याची परीक्षा. ती त्याचीच युक्ती. झाकण लावायचं, नाकाच्या भोकातून आत एक दिवा सोडायचा, गॅरेजची दारं-खिडक्या बंद करून अंधार करायचा आणि मागून वाकून बघायचं. जिथं उजेड दिसेल तिथं फट. पहिल्या खेपेला डाव्या बाजूला एक ठिपका दिसला, तो आम्ही बुजवला. दुसऱ्या खेपेला काहीच दिसलं नाही. मिस्त्रींनी येऊन तीच परीक्षा परत घेतली, चष्मा लावून, चष्मा काढून. आम्ही सगळे मिट्ट काळोखात उभे.

"दिवा मेला," बिट्टी म्हणाली.

"मेला नाही गं, लपलाय," मी घाईनं म्हणाले. असे शब्द मला तेव्हा सहन व्हायचे नाहीत.

मिस्त्रींनी मान हलवली.

विमान तुकड्यातुकड्यांनी धावपट्टीजवळच्या शेडमध्ये गेलं, तिथं जोडलं गेलं, जमिनीवर इंजिन चालवून झालं. मागचा उजवा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जरा जास्त तापला. नवरा म्हणाला, नवीन इंजिन आहे, असतंच. मिस्त्री म्हणाले, जमिनीवर वारा पोचत नाही, इंजिन इथं उगाच जास्त वेळ चालवू नका. मी काही म्हणाले नाही. कारण माझं म्हणणं तोवर कवडीमोलाचं झालं होतं.

त्याला कारण मीच. उड्डाणाचा दिवस ठरला की माझ्या कानांना काहीतरी ऐकू यायचं. एकदा मी सगळं थांबवलं, आत टकटक आवाज येतोय म्हणून. अर्धं विमान उघडल्यावर सीटमागून बिट्टीचं चावीचं कासव निघालं. दुसऱ्यांदा पेट्रोलचा वास आला. शोध शोध शोधला. मिस्त्रींची स्कूटर शेडच्या मागे गळत होती. नवरा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. घरी येताना गाडी चालवता चालवता म्हणाला, "लांडगा आला रे आला, ती गोष्ट तुला माहितीये ना?"

"माहितीये. शेवटी लांडगा येतो."

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "वर जाताना मला डोकं शांत हवं. तुझी भीती डोक्यात घेऊन गेलो तर मी काहीतरी चूक करीन. पुढच्या वेळी एक शब्द बोलायचा नाही. शब्द दे."

मी दिला. त्याचं खरं होतं, म्हणून दिला.

त्या सकाळी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "मी येत नाही. उतरला की फोन करा. वर असताना करू नका." मग त्याच्या शर्टाची कॉलर उगाच नीट केली, जशी तो शाळेत जाताना करत असतील.

शेडजवळ वारा होता, फार नाही. नवरा विमानात चढला, पट्टे बांधले, माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि हसला. मीही हसले. मिस्त्री हातातला रेडिओ घेऊन पंखाच्या टोकापाशी उभे राहिले. मी बिट्टीची ढकलगाडी लांब, कुंपणाच्या कडेला नेऊन उभी केली. ती अर्धवट झोपेत होती. रात्री तिचं अंग थोडं कोमट लागलं होतं, म्हणून मी परत एकदा हाताची उलटी बाजू तिच्या कपाळाला लावली. गार होतं. हल्ली तीही तसंच करते. बाहुलीला, चमच्याला, आजीच्या गुडघ्याला हात उलटा लावून म्हणते, "ताप?"

तिच्या गाडीच्या टपाला मागे एक खिडकी आहे, हवा खेळायला. तिच्यावर बाहेरून कापडी झडप, एका कडेला शिवलेली. समोरून वाऱ्याची झुळूक आली, टपात शिरली, आणि झडप फडफडत उचलली गेली. ऊन बिट्टीच्या डोळ्यांवर आलं. मी झडप दाबली. सोडली की परत वर. दाबली, परत वर. ती कुरकुरायला लागली म्हणून मी गाडीच फिरवली, पाठ वाऱ्याकडे. आणि झडप इस्त्री केल्यासारखी टपाला चिकटली. मी हात काढला. ती हालली नाही.

मी बघत राहिले. तिकडे इंजिन सुरू झालं.

झडप बाहेरून. वारा आतून. वारा ढकलणार, झडप उघडणार. आमच्या कळ्या सगळ्या बाहेरून आहेत. प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक सांध्याला.

पण दिवा? दिवा तर दिसला नव्हता. दिसला नव्हता, कारण उजेड कशाला ढकलत नाही. वारा ढकलतो. झाकलेलं दार आम्ही तिघांनी अंधारात उभं राहून बघितलं, आणि बंद आहे म्हणून मान हलवली. कडी आहे का ते कुणीच बघितलं नाही.

आणि त्यातही मनात पहिलं काय आलं, तर कासव. टकटक करणारं हिरवं कासव, आणि नवऱ्याचा तो न ओरडणारा चेहरा. मी शब्द दिला होता. हेही माझ्या भीतीनंच रचलेलं नसेल कशावरून? कळ्यांचं रबर जाड आहे, कदाचित उघडणारही नाही. आणि मी थांबवलं तर तो पुन्हा कधी माझं काही ऐकेल? आणि नाही थांबवलं तर?

मागचा उजवा. जरा जास्त तापला होता.

मी बिट्टीला उचललं आणि पळाले. नाकावरचा पंखा फिरत होता, त्याच्या जवळ जायचं नव्हतं, म्हणून लांबून वळसा घालून मागच्या बाजूनं मिस्त्रींपाशी. धाप लागली होती, आवाजात काही ऐकू जात नव्हतं. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "थांबवा! कळ्या उलट्या लागल्यात!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहान मुलाकडे बघतात तसं. "ताई, घाबरू नका. होतं असं."

"घाबरलेय मी! रोजच घाबरते! पण हे वेगळं आहे. रबराचे तुकडे मी बाहेरून लावलेत. वारा आतून येणार. आतून ढकललं की उघडणार ते."

"दिव्याला—"

"दिवा ढकलतो का, मिस्त्री?"

मिस्त्रींचा चष्मा कपाळावर गेला, परत डोळ्यांवर आला. "एकच कड पक्की आहे?"

"एकच."

"आणि तीही बाहेरून."

"हो."

त्यांनी दोन पावलं पुढे टाकली, नवऱ्याला दिसेल असा हात वर केला आणि गळ्यावरून आडवा फिरवला. इंजिन खोकत खोकत बंद पडलं. त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. काचेतून नवऱ्याचा चेहरा दिसत होता. त्यानं आधी मिस्त्रींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटले.

खाली उतरून तो आला. "परत?"

"परत."

"शब्द दिला होतास तू."

"मोडला. आता झाकण काढ, नाहीतर मी काढते."

"काय आहे? या वेळी कोण निघणार? ससा?"

मी सांगितलं. तो ऐकताना डोकं हलवत होता, नाही नाही असं. मग हलवायचं थांबला. "पण आतून तर एकदम नितळ होतं..." त्याचा आवाज अर्ध्यावर राहिला.

"वाद नको," मिस्त्री म्हणाले. "वाऱ्यालाच विचारू. शेडमध्ये पाचोळा उडवायचा ब्लोअर आहे."

पण वारा दिसणार कसा? ते मला सुचलं. बिट्टीच्या पिशवीत पावडरचा डबा होता. पावडर इंजिनाच्या पोटात जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी त्याची हवा ओढायची नळी, म्हणजे श्वासाची वाट, आपल्या लाल फडक्यानं बुजवली, झाकण तसंच ठेवलं, आणि नवऱ्यानं नाकाच्या भोकाशी ब्लोअर धरला. मी ब्लोअरच्या तोंडापुढे डबा उपडा केला.

"बास, बास!" मिस्त्री खोकत म्हणाले. "इंजिन आहे ते, बाळ नाही. तीट लावायचीय का त्याला?"

बिट्टी एकटीच हसली.

नवऱ्यानं झाकणाचे स्क्रू काढले. झाकण उचललं. इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधे जो काळा पत्रा असतो त्यावर, प्रत्येक कळीच्या मागे, पांढरा पंखा उमटला होता. स्वच्छ, उघडलेल्या हातपंख्यासारखा. सर्वांत मोठा मागच्या उजव्या कोपऱ्यात.

माझं बरोबर निघालं होतं. त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. हे घेऊन तो वर जाणार होता. नाक वर, इंजिन पुऱ्या जोरात.

नवरा अवजारांच्या पेटीवर बसला. त्याचे कान पांढरे पडले होते. "मी बघितलं होतं," तो म्हणाला. "मी बोट फिरवलं. लोण्यासारखं म्हणालो."

"लावलं मी होतं."

"आणि मान मी हलवली होती," मिस्त्री म्हणाले. "आता तिघांनी गळ्यात गळे घालून रडायचं, की रिबिटं काढायची?"

रिबिटं काढली. एकेक कळी सोडवून मी आतल्या बाजूनं लावली. आता वारा जितका जोरात येईल तितकी ती फटीवर घट्ट दाबली जाणार. आतून दिसायला ते आता ओबडधोबड होतं, शिवण टोचेल असं. नवरा मला रिबिटं हातात देत होता. मधेच म्हणाला, "मला भीती वाटतेय गं." मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात थांबला असता.

"वाटू दे," मी म्हणाले. "पुढचं दे."

मग परत पावडर, पण चिमूटभर, परत ब्लोअर. या वेळी मागचा पत्रा काळाच्या काळा. सगळी पावडर खाली, सिलिंडरांच्या पात्यांमधून गेलेली. मिस्त्रींनी ती पुसून काढली, पुसता पुसता म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाला सुवास आला."

ऊन कललं. वारा पडला. नवरा झाकण दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मला वाटलं, लावेल. तो लावेना.

"काय झालं?"

"तू सांग. तू लाव म्हणालीस की लावतो. नाही म्हणालीस तर घरी जाऊ. आज, उद्या, कधीही. मी काही बोलणार नाही."

"मी? मिस्त्री आहेत ना!"

"माझं बघून झालं, ताई," मिस्त्री म्हणाले. "आणि दिव्याच्या वेळीही झालं होतं."

इतकी वर्षं मी नको म्हणत आले होते. नको म्हणायला काही लागत नाही. ते खोटं ठरलं तर लोक हसतात, एवढंच. पण हो म्हणायचं म्हणजे... मी त्या उघड्या इंजिनाकडे बघितलं. बिट्टी ढकलगाडीत बसून बिस्किटाचा भुगा करत होती. एक 'नको' आणि आम्ही घरी. सासूबाईंना फोन. चहा. आणि तो उद्यापासून कुणाच्या तरी लिफ्टच्या तळाशी, वर न बघता.

नको हा शब्द ओठांवर होता. अगदी तयार.

मी बाही वर सारली आणि हात आत घातला. प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक सांध्यात बोटं नेली आणि आतून बाहेर ढकललं, वारा ढकलेल तसं, जीव खाऊन. एकही कळी हालली नाही. मग परत पहिल्यापासून. कुणी मला घाई केली नाही.

"श्वासाच्या वाटेतलं फडकं?" मी विचारलं.

मिस्त्रींनी खिशातून लाल फडकं काढून माझ्यापुढे हालवलं. मी ते हातात घेतलं. घेऊनच उभी राहिले.

"लाव," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही.

विमान धावलं तेव्हा मी बघत नव्हते, ऐकत होते. आवाज चढला, लांब गेला, आणि एका जागी त्याच्या खालची खडखड थांबली. चाकं सुटली. मी बिट्टीला छातीशी धरलं होतं, ती वर बोट दाखवत होती आणि मी तिच्या कानामागचे केस बघत होते. एवढे बारीक केस. आता धावपट्टी संपली असेल. आता वळायला उंची नसेल. आता. अजूनही आता. श्वास घ्यायचा राहून गेला ते बिट्टीनं माझ्या तोंडात बिस्किट कोंबलं तेव्हा कळलं.

मिस्त्रींचा रेडिओ खरखरला. त्यातून नवऱ्याचा आवाज आला, पण शब्द मला लागेनात.

"काय म्हणतोय?"

त्यांनी हात वर केला, थांबा. ऐकत राहिले. मी त्यांचा चेहरा वाचायला बघत होते; त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"मिस्त्री, काय म्हणतोय तो?"

"मागचा उजवा," ते म्हणाले, आणि रेडिओ खाली घेतला, "बाकीच्यांच्या बरोबरीनं चाललाय."

मी खाली गवतावर बसले. भीती गेली नव्हती. तो वर होता तोवर जाणारही नव्हती. आवाज एकदा बारीक झाला, एकदा मोठा, प्रत्येक वेळी फडकं मुठीत घट्ट झालं. उतरताना विमान एकदा उसळलं तेव्हा मी डोळे मिटले, आणि उघडले तर ते आपलं साध्या गाडीसारखं रस्त्यानं परत येत होतं.

फोन पहिल्या घंटीला उचलला गेला. "उतरला," मी म्हणाले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "या लवकर. पोर उपाशी असेल." कुठलं पोर, ते त्यांनी सांगितलं नाही.

नवरा खाली उतरला. नुसता दात दाखवत उभा होता. पंखा थांबल्याची खात्री करून मी जवळ गेले आणि हाताची उलटी बाजू झाकणाला लावली. बिट्टी कडेवरून वाकली, तिनंही आपला हात उलटा करून लावला, आणि दचकून मागे घेतला.

"ताप!" ती म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. "आई, ताप!"

"नाही गं राणी," मी म्हणाले. "पळून आलंय ते."